आयोवरचं पाणी

मे महिना आला की आमच्या डिपार्टमेंटच्या व्हरांड्यात इस्त्रीच्या शर्टांचा वास येतो. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला आलेली मुलं-मुली भिंतीला टेकून उभी असतात आणि ओठ हलवत स्वतःशीच काहीतरी पाठ करत असतात. आतून नाव पुकारलं की एकजण जातो, बाकीचे त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेकडे थोडे सरकतात. यंदा मी त्यांच्यात नाही. माझ्याबरोबरची मुलं केव्हाच पांगली. कुणी पुण्याला क्लास लावलेत, कुणी बँकेच्या परीक्षा देतंय, एकाचं लग्नही झालं. मी अजून बीडलाच आहे, शेवटच्या खोलीत, माझ्या प्रोजेक्टच्या मार्गदर्शक शेख मॅडमनी दिलेल्या टेबलापाशी. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, तुमचा प्रोजेक्ट कशावर होता?" मला कुणी सर म्हटलं की मी आधी मागे वळून बघतो. "गुरूच्या चंद्रांवर," मी म्हणालो. ती "अय्या" म्हणाली आणि पुन्हा आपलं पाठ करायला लागली. मला अजून सांगायचं होतं. पण कुठून सुरू करावं हे मला कधीच नीट जमलेलं नाही.

सुरुवात बहुधा वासापासूनच करावी लागेल. गेल्या वर्षीचा उन्हाळा म्हटलं की मला शेणाचा, कुट्टी केलेल्या उसाचा आणि टँकरच्या तापलेल्या रबरी पाइपाचा वास आठवतो. सिरसाळ्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या माळावर एका सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली होती. बांबूवर हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली दावणीच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बाज. दुरून बघितलं तर यात्रा भरल्यासारखं वाटायचं. जवळ गेलं की कळायचं, इथे कुणी हसत नाही, कुणी भांडतही नाही. दुपारभर नुसता रवंथ ऐकू यायचा. आमचे हौशा आणि गवळ्या हे दोन बैल तिथे होते, आणि त्यांच्यासोबत माझे वडील. मी त्यांना दादा म्हणतो. दादांनी त्या बाजेवर अख्खा उन्हाळा काढला. घरी कुलूप होतं. घरी राहायला कोण होतं?

दादा ऊस तोडायला जातात. दसरा झाला की आमच्या भागातली गावं रिकामी होतात, हे मला लहानपणापासून इतकं सवयीचं होतं की कॉलेजात आल्यावर, थंडीतही माणसांनी भरलेली गावं असतात, याचंच मला नवल वाटलं. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आई होती तोवर आमच्या घरचा एक कोयता होता. ती गेल्यावर दादा अर्धा कोयता झाले. पहिल्या हंगामात ते चुलतभावाच्या जोडीच्या मागे मागे हिंडले, मोळ्या बांधल्या, पडेल ते केलं. पुढच्या हंगामासाठी मुकादम छावणीत आला तेव्हा मी तिथेच होतो. तो दादांशी बोलत होता आणि बघत माझ्याकडे होता. "लिंबाजी, जोडी आसंल तर सांग. आर्ध्याचं मला काय जमायचं न्हाई आता." दादा 'हो' म्हणाले नाहीत. पण ते 'नाही' असंही म्हणाले नाहीत. मी मनाशी ठरवून टाकलं: मेमध्ये प्रोजेक्ट पार पडला तर शिकायचं. नाही पडला तर दसऱ्यानंतर दादांचा उरलेला अर्धा मी.

आणि माझा प्रोजेक्ट काय, तर गुरू ग्रहाचे चार मोठे चंद्र.

शेख मॅडमनी पहिल्या दिवशी फळ्यावर एक सरळ रेघ काढली आणि तिच्यात दोन खड्डे काढले. म्हणाल्या, सूर्याचा प्रकाश चंद्राच्या जमिनीवर पडतो आणि उलटून आपल्याकडे येतो. त्यात डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्याही पलीकडचा प्रकाश असतो. जमिनीवर जे काही असेल, ते या प्रकाशातला ठरावीक भाग गिळून टाकतं. बर्फ कुठला भाग गिळतो ते ठरलेलं, गंधक कुठला गिळतो ते ठरलेलं. उलटून आलेल्या प्रकाशाचा आलेख काढला की गिळलेल्या जागी खड्डा दिसतो. "म्हणजे जे परत आलेलं नाही, त्यावरून तिथं काय आहे ते ओळखायचं," त्या म्हणाल्या. वर्गात कुणी मान हलवली, कुणी घड्याळ बघितलं. मला ते वाक्य वहीत लिहावंसुद्धा लागलं नाही. कुलूप लावलेल्या घरात शिरलं की कुठे काय होतं हे मला असंच कळायचं.

आकडे आमचे नव्हते. दूरच्या कुठल्यातरी उंच डोंगरावरच्या दुर्बिणीनं घेतलेले, मॅडमच्या ओळखीतून मिळालेले. अशा दुर्बिणी मुद्दाम कोरड्या जागी बांधतात, हेही मॅडमनी सांगितलं होतं. हवा जितकी कोरडी तितकं बरं. त्या हे अगदी सहज म्हणाल्या; पण मी बराच वेळ त्यावरच अडकून राहिलो. कोरडेपणा कुणी शोधत जातं, त्यासाठी डोंगर चढतं, हे मला पटायला वेळ लागला.

त्या दिवसांत हॉस्टेलच्या नळाला पाणी कधी यायचं त्याचा भरवसा नव्हता. बादल्यांवर खडूनं नावं लिहिलेली असायची. दुपारी वीज गेली की संगणक बंद, पंखा बंद, आणि मी आलेखांचे छापील कागद घेऊन व्हरांड्यात बसायचो. युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. तिघांच्याही आलेखात बर्फाचे खड्डे. युरोपाचा तर इतका खोल की बोटानं चाचपावासा वाटे. माझ्या घामाचा थेंब त्या कागदावर पडायचा आणि शाई पसरायची. तिथे मैलोन् मैल गोठलेलं पाणी, आणि ते बघणारा मी अंघोळीविना.

एकदा एसटी माजलगावला बराच वेळ थांबली होती, तेव्हा मी आणि एक मित्र धरणाच्या पोटात गेलो होतो. पाणी पार मधोमध सरकलेलं. तळाचा गाळ वाळून भेगाळलेला, भेगा इतक्या रुंद की पाय मुरगळावा. बुडालेल्या गावाची दगडी जोती उघडी पडली होती आणि एका उंबऱ्यावर कुणीतरी हळद-कुंकू वाहून गेलं होतं. मी त्या भेगांचा फोटो काढला. युरोपाच्या बर्फावरही अशाच भेगा आहेत, तांबूस, एकमेकींना छेदणाऱ्या. मित्राला तसं सांगितलं. तो म्हणाला, "चल बे, बस सुटंल." त्यात त्याची काही चूक नव्हती. त्या उन्हाळ्यात माझ्याकडे सांगण्यासारखं जे होतं, त्याला ऐकणारं माणूसच नव्हतं, इतकंच.

चौथा चंद्र आयो. चौघांत गुरूच्या सगळ्यात जवळचा. त्याच्यावर ज्वालामुखी आहेत, गंधक आहे. पाणी नाही, असं सगळी पुस्तकं सांगतात. एका दुपारी मी त्याचा आलेख काढला, आणि त्यात दोन खड्डे होते.

मी पुन्हा काढला. पुन्हा तेच. मॅडम पेपर तपासायला बाहेरगावी गेल्या होत्या. डिपार्टमेंटमध्ये शिपाई सोडून कुणी नव्हतं.  पुस्तकांनी नाही म्हटलेल्या जागी मला पाणी दिसत होतं, आणि ते सांगायला जगात एकच माणूस होतं. मी शनिवारची बस धरली.

छावणीत जेवणं उरकली होती. दादा बाजेवर बसून सुपारी कातरत होते. शेजारच्या दावणीचे ग्यानबा मामा, नात्यानं कुणी नव्हेत, छावणीतली ओळख, ते विडी ओढत होते. पूर्वेला गुरू वर आला होता, पिवळसर, न लुकलुकणारा. मी बोट दाखवलं.

"दादा, त्यो दिसतो का? त्याच्याभोवती चार चंद्र फिरतेत. त्यातल्या एकावर मला पाणी घावलंय. आजवर कुणालाच घावलं न्हवतं."

दादांनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ वर बघत राहिले.

"किती आसंल?"

"ते न्हाई सांगता येत."

"कोणाचं हाय ते?"

"कुणाचंच न्हाई."

ग्यानबा मामा खोकत हसले. "कुणाचंच न्हाई म्हंजी सरकारी. चेअरमनला सांगा, उद्याच्याला टँकर लावा म्हनावं तिकडं."

"येड्या, तुला सगळ्यात टँकरच दिसतो," दादा म्हणाले. पण तेही हसत होते. आई गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो.

सकाळी छावणीभर झालं होतं. कुट्टीच्या यंत्रापाशी, टँकरच्या रांगेत, सगळीकडे एकच. "लिंबाजीच्या पोरानं पाणी हुडकलं." एक म्हातारी जवळ येऊन माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली. संस्थेचे चेअरमन पाहणीला आले होते. त्यांच्या कानावर गेलं. आमच्या वस्तीतल्या माणसाला त्यांनी आजवर 'ए' म्हणून हाक मारलेली मी ऐकली होती. त्या दिवशी ते म्हणाले, "लिंबाजीराव, आपल्या छावणीचं नाव केलं की पोरानं!" आणि लगेच एकाला सिरसाळ्याला पिटाळून टॉवेल, टोपी आणि नारळ आणवला. मी म्हणत होतो, साहेब, अजून मॅडमनी बघायचंय. पण ते कुणाला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं मी म्हणत नव्हतो. टाळ्या वाजल्या. हौशा दचकून उठला.

दुपारी दादा मला रस्त्यापर्यंत सोडायला आले. एरवी ते दावणीपासूनच हात हलवायचे. चालताना बोलत होते. आई ऊस तोडताना आकाशाकडे बघून वेळ सांगायची, शुक्र उगवला की उठायची, तिला त्याचं नाव माहीत नव्हतं पण जागा माहीत होती. "तुझ्या आईला सांगाय पायजे व्हतं हे," ते म्हणाले. "तिला समदं समजलं आसतं. मला आर्धंच समजतं." बस आली तरी ते बोलतच होते. मी खिडकीतून बघितलं तर माळावरच्या त्या उन्हात डोक्यावर नवी पांढरी टोपी घातलेला माझा बाप उभा होता आणि वर बघत होता. भरदिवसा तिथे काहीच दिसत नव्हतं.

मॅडम परत आल्या. त्यांनी आलेख हातात घेतला, चष्मा वर केला, आणि एकच विचारलं, "आयोला कुठल्या ताऱ्यानं भागलंस?"

हे समजावून सांगायला हवं. त्या चंद्राचा प्रकाश दुर्बिणीपर्यंत येताना आपल्या हवेतून येतो. हवेतली वाफही प्रकाश गिळते. म्हणून त्याच रात्री शेजारच्या, सूर्यासारख्या एखाद्या ताऱ्याचाही प्रकाश घेतात आणि त्यानं चंद्राच्या प्रकाशाला भागतात. मग आपल्या हवेचा हिस्सा निघून जातो आणि चंद्राचा तेवढा उरतो. मी तिघांना भागलं होतं. आयोच्या रात्रीची ताऱ्याची फाइल मला मिळाली नव्हती.

"मग न भागताच घेतलंस?"

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होता ना, तो डोंगर कोरडा आहे. मला वाटलं, कोरडा म्हणजे... तिथं हवेत पाणी कुठून असणार."

त्या हसल्या नाहीत. याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन.  त्यांनाही कळलं असावं, की कोरडं हा शब्द त्यांनी एका डोंगरासाठी वापरला होता आणि मी तो आमच्या माळासाठी ऐकला होता. आमच्याकडे कोरडं म्हणजे काहीच नाही. आडात दगड टाकला की दगडाचाच आवाज. दुसऱ्या कुणाला ही शंका आली असती, त्यानं फाइल मागितली असती. मला विचारायचंही सुचलं नाही.

"बेटा, पाणी नाही अशी हवा पृथ्वीवर कुठंच नसते," त्या म्हणाल्या. "कमी असते. आणि हे बघ, बर्फाचे खड्डे थोडे पुढच्या जागी पडतात. तुझे अलीकडे आहेत. ही वाफ आहे. आपली." मग हळूच म्हणाल्या, "हे असं तोंडीला पाठवता येणार नाही. फाइल मागवू, पण वेळ लागेल. पुढच्या सत्रात दे."

मी बाहेर आलो. व्हरांड्यात मुलं आपापलं पाठ करत होती. आकाश पांढरंफटक होतं, डोळ्यांत घुसणारं. त्यात पाणी होतं. महिनोन् महिने आमच्या डोक्यावर, छावणीवर, वाळलेल्या धरणावर, बादल्यांच्या रांगेवर ते होतं, आणि मी ते गुरूच्या चंद्रावर शोधून आलो होतो. याचं हसू यायला हवं होतं. मला नुसतं आठवत राहिलं की दादा रस्त्यावर उभे राहून किती बोलले होते. वर्ष जाण्यापेक्षा ते बोलणं जाईल याची मला जास्त भीती वाटत होती.

पुढच्या खेपेला मी त्यांना एकट्यालाच गाठलं. ते हौदाशी बैलांना पाणी दाखवत होते.

"दादा, ते चुकलं. पाणी तिथलं न्हाई."

"मंग कुठलं?"

 मला कारखान्याचा वजनकाटा आठवला. "तुमी उसाची गाडी काट्यावर घालता. भरली तोलतेत, मंग रिकामी तोलतेत. रिकामी वजा केली की उसाचं वजन कळतं. मी रिकामी गाडी तोललीच न्हाई. जे दिसलं ते समदं ऊस म्हणून धरलं."

"रिकामी गाडी म्हंजी?"

"आपली हवा. ते पाणी आपल्याच हवेतलं व्हतं."

दादांनी वर बघितलं. मग मला म्हणाले, "ह्या हवेत? हाय पाणी?"

"हाय. थोडं."

"मंग पडंना कावून?"

मला त्याचं उत्तर येत होतं. ढग कसे बनतात हे मी शाळेत लिहून मार्क मिळवले होते. पण त्या हौदाशी उभं राहून ते उत्तर तोंडातून निघेना. मी म्हणालो, "माझं वर्ष गेलं, दादा. दसऱ्यानंतर मी येतो तुमच्यासंगं. मुकादमाला सांगा, जोडी हाय."

 दादांनी हौशाच्या नाकावरचं पाणी पंच्यानं पुसलं, दावं माझ्या हातात दिलं आणि चहाच्या टपरीकडे चालू लागले. तिथे पाच-सहा माणसं बसली होती. मी दावं धरून उभा होतो. इथून त्यांचं सगळं ऐकू येत होतं.

"आयका रे. पोराचं चुकलं. ते पाणी तिकडं न्हाई, आपल्याच हवेतलं व्हतं."

 मग कुणीतरी म्हणालं, "आता टॉवेल-टोपी परत द्या म्हनावं चेअरमनची!" हसण्याचा लोंढा आला. दुसरा म्हणाला, "आन् नारळाचं काय? त्यो तर खाल्ला की!" दादा उभेच होते. ते हसत नव्हते आणि चिडलेलेही नव्हते. "हसा," ते म्हणाले, "पर हुडकलं बी त्यानंच आन् चुकलं म्हनून सांगाय बी त्योच आला. परत बघनार हाय त्यो." आणि मग ते ग्यानबा मामांशेजारी बसले. त्यांच्याशी काय बोलले ते काही मला ऐकू आलं नाही. चहाचा एक कप दोघांत झाला.

परत आले तेव्हा त्यांनी माझ्या हातातलं दावं घेतलं.

"ग्यानबाच्या मालकिणीचे गुडघे गेलेत. ती काय येत न्हाई ऊस तोडाया. ग्यानबा बी आर्धाच हाय आवंदा. आमी दोगं मिळून एक कोयता. मुकादमाला कळवतो."

"दोन बाप्ये?"

"कोयत्याला काय ठावं, बाप्या का बाई?"

 मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आत दुसरंही काही होतं. त्या अर्ध्यावर माझा हक्क आहे असं मी धरून चाललो होतो. कुठेही नापास झालो तरी ती एक जागा माझी आहे. एका चहात ती भरून गेली.

"तू तुझं परत तोल," दादा म्हणाले, आणि बैलांना घेऊन जाळीच्या सावलीत गेले.

दसरा झाला, दिवाळी झाली, गावं रिकामी झाली. हॉस्टेलमध्ये नवी मुलं आली. नळाला पाणी येऊ लागलं होतं. ताऱ्याची फाइल थंडीत आली. एका रविवारी दुपारी मी आयोच्या आकड्यांना त्या ताऱ्याच्या आकड्यांनी भागलं. आलेख हळूहळू पडद्यावर उमटला. खड्डे नव्हते. रेघ सरळ गेली होती, गंधकाच्या जागी जराशी वाकून पुन्हा सरळ. पुस्तकात होतं तेच. नवं काहीच नाही. मी बराच वेळ त्या सरळ रेघेकडे बघत बसलो. खिडकीबाहेर कुणीतरी क्रिकेट खेळत होतं.

मग मी फोन लावला. दादा कुठल्या फडात असतील, रेंज असेल की नाही, काही ठाऊक नव्हतं. लागला. पलीकडे वारा होता आणि वाळल्या पाचटाचा सळसळाट.

"दादा, तोललं. आयोवर पाणी न्हाई."

"न्हाई?"

"न्हाई."

"नक्की?"

"नक्की. आता कुणी बी तोललं तरी हेच निघंल."

 मग त्यांनी फोन तोंडापासून दूर केला असावा, कारण आवाज लांबून आला, पण मोठा, आनंदाची बातमी सांगावी तसा: "अय ग्यानबा! न्हाई रं तिथं पाणी! नक्की झालं!" त्यावर ग्यानबा मामा काय म्हणाले ते वाऱ्यात गेलं. कुणीतरी हसलं.

दादांना फोन बंद करता येत नाही. त्यांनी तो तसाच खिशात टाकला. मीही बंद केला नाही. कापडाच्या घासण्यातून कोयत्यांचा आवाज येऊ लागला, एक जवळून, एक लांबून, एकामागून एक, ताल न चुकता. मी रिकाम्या खोलीत कान देऊन तो ऐकत बसलो.